140 लिटरचं माणूस

बेंगळुरूत मार्च 2024 मध्ये पाण्याची एवढी टंचाई झाली, की तिथल्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने पोहण्याचा तलाव भरायला बंदी केली आणि बंदी मोडणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला. त्याच शहरात कुणी आपल्या घरामागे तलाव बांधायचं मनात आणलं, तर त्याला चैन म्हणायचं की म्हातारपणाची सोय? हा प्रश्न इथे दोघींच्या तोंडी घातला आहे. आत्या मूळची मिरजेची. भारत इलेक्ट्रॉनिक्समधल्या नोकरीसाठी बेंगळुरूला आली ती तिथलीच झाली. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, आणि येलहंक्याला 60 बाय 80 च्या साइटवर तिचं घर आहे. भाची वास्तुविशारद, पाण्याचं नियोजन हे तिचं रोजचं काम. आत्याने मेस्त्रीच्या आधी भाचीला बोलावलं आहे, आणि भाची येताना टेप आणि वही घेऊन आली आहे.

आत्या: मोजलंस ना? मागे पंचवीस फूट मोकळी जागा आहे. मला फार काही नको. 8 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, पाणी सगळीकडे सारखंच, 4 फूट. सूर मारायचं वय गेलं माझं.

भाची: 4 फूट म्हणजे 1.2 मीटर. पाणी झालं 33,600 लिटर. 6,000 लिटरचे सहा टँकर, शेवटच्यातलं थोडं उरेल.

आत्या: उरलेलं कढीपत्त्याला घाल. सहा टँकरसाठी तू आल्यापासून तोंड वाकडं करून बसली आहेस होय? मार्च 2024 मध्ये जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले होते, तेव्हा 6,000 लिटरचा टँकर पाच किलोमीटरच्या आत 600 रुपयांना होता. आज दुप्पट धर, तिप्पट धर. पैशाचं मला सांगू नकोस, पीएफ माझा आहे.

भाची: पैशावर नाही अडले मी, आणि सहा टँकरवरही नाही. सगळे भरायच्या पाण्याचाच हिशेब करतात आणि तिथेच चुकतात. तलाव भरतो एकदा, पण पितो रोज. इथल्या हवेत उघड्या पाण्यावरून दिवसाला सरासरी 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं, मार्च-एप्रिलमध्ये त्याहून जास्त. तुझ्या तलावाचं तोंड 28 चौरस मीटर. आता गुणाकार तूच कर.

आत्या: 140 लिटर.

भाची: रोजचे. शहरातल्या माणसाला दिवसाला किती पाणी द्यावं याचा केंद्राच्या नियमावलीतला आकडा आहे 135 लिटर. म्हणजे तलाव बांधलास की घरात एक माणूस वाढलं. ते आंघोळ करत नाही, चहा मागत नाही, नुसतं मागच्या अंगणात पडून असतं आणि रोज 140 लिटर पितं.

आत्या: निवृत्तीनंतर तुझे आतोबा तसेच होते. मी काही त्यांना घराबाहेर काढलं नाही.

भाची: आतोबांसाठी कावेरीचं कनेक्शन होतं.

आत्या: मलाही आहे.

भाची: ते पाणी कुठून येतं ते आठव. तोरेकाडनहळ्ळीहून, शंभर किलोमीटरवरून, आणि येताना जवळपास 500 मीटर चढून येतं, कारण नदी खाली आणि शहर वर. पंपातली घट सोडून दे, निव्वळ भौतिकशास्त्राने हिशेब केला तरी हजार लिटर तेवढं उचलायला सव्वा युनिटाहून जास्त वीज लागते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या वाटणीत बेंगळुरूच्या पिण्यासाठी म्हणून 4.75 टीएमसी जादा दिलं. पिण्यासाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोजच्या 77 कोटी 50 लाख लिटरची भर पडली, ती शहरात नव्याने आलेल्या 110 गावांसाठी. त्यातलं पाणी तू पोहायला घेणार?

आत्या: नाही घेणार. बोअरचं घेईन.

भाची: आपली पहिली बोअर आटली तेव्हा तूच फोनवर रडवेली झाली होतीस. दुसरी किती खोल गेली ते तुला ठाऊक आहे. जमिनीखालचं पाणी काही तुझ्या कंपाउंडच्या भिंतीशी येऊन थांबत नाही, शेजाऱ्याचंही तेच आहे. तू तलावात ओतलंस की त्याची बोअर आणखी खाली जाते.

आत्या: बरं, तू आता कायदा बाजूला ठेव आणि म्हातारीचं ऐक. मी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले, पाठीला डबा बांधून. थोरल्या भावाने वरून ढकललं होतं, म्हणजे तुझ्या बापाने. पुढे नोकरी, संसार, मुलं; तीस वर्षं पाण्यात पाय नाही. आता डॉक्टर म्हणतात चाला, पण चाललं की गुडघा सुजतो. पाण्यात उभं राहिलं की अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाही; छातीपर्यंत पाणी असलं तर निम्म्याहून जास्त भार पाणीच उचलतं. हे औषध मला रोज हवंय, वर्षातून एकदा रिसॉर्टला जाऊन नको.

भाची: रोज हवं तर शहरात तलाव आहेत की. बसवनगुडी अ‍ॅक्वाटिक सेंटर आहे, सदाशिवनगरला के. सी. रेड्डी स्विम सेंटर आहे. श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेली ही बेंगळुरूची मुलं काही कुणाच्या परसात तयार झाली नाहीत. आणि पाण्याचा हिशेबही बघ. 50 बाय 25 मीटरच्या तलावाचं तोंड 1,250 चौरस मीटर, दिवसाला 6,250 लिटर उडतं. समजा दिवसभरात 500 जण पोहून गेले, तर माणशी साडेबारा लिटर. तुझं एकटीचं 140.

आत्या: आकडा बरोबर आहे, त्यात मी हात घालत नाही. पण तुझ्या त्या 500 जणांत माझ्या वयाच्या बायका किती, ते धर. मी एका तलावावर जाऊन आले, कुठल्या ते सांगत नाही. बायकांची वेळ भर दुपारची. कपडे बदलायच्या खोलीची फरशी ओली. आणि पाण्यातून वर यायला भिंतीला लावलेली स्टीलची उभी शिडी. उतरले मी झोकात, वर येताना दोघींनी काखेत हात घालून ओढलं. परत कशी जाऊ? शिवाय इथून सदाशिवनगर गाठायचं म्हणजे हेब्बाळचा फ्लायओव्हर. अर्धा तास पोहायचं आणि दोन तास रिक्षात बसायचं.

भाची: हा मुद्दा मला मान्य आहे. शिडीचा. आपल्याकडचे तलाव पोहणाऱ्यांसाठी बांधतात, उतरणाऱ्यांसाठी नाही.

आत्या: मग माझ्या तलावाला पायऱ्या कर. रुंद, हाताला कठडा असलेल्या.

भाची: पाऊल मावेल अशी 30 सेंटिमीटरची पायरी, चढ 15 चा, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा. ते मी केव्हाही काढून देईन. पण म्हणून तलाव मंजूर केला असं समजू नकोस.

आत्या: तू कोण मंजूर करणार? बरं, हे सांग. हे गाव उभं राहिलं कशावर? इथे बारमाही मोठी नदी नाही. 1537 मध्ये केंपेगौडाने गाव वसवलं ते तळी खोदून. आपल्या शहाजीराजांकडे जहागीर आली, तेव्हाही गाव तळ्यांवरच जगत होतं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळात 1669 चा एकोजीराजांचा शिलालेख आहे, आणि समोरच नंदीतीर्थाची पायऱ्यांची कल्याणी. नंदीच्या तोंडातून पाणी पिंडीवर पडतं आणि खाली कुंडात उतरतं. पुढे काय केलं लोकांनी? धर्मांबुधी तळं आटवलं, तिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड. संपंगी तळं बुजवलं, तिथे कंठीरवा स्टेडियम. आख्खं गाव तळ्यावर माती लोटत असताना एक बाई आपल्या परसातली माती काढून तिथे पाणी साठवते, तर तिला तू नावं ठेवतेस.

भाची: वा! भाषण मंडळात द्यायच्या लायकीचं आहे, पण युक्तिवाद लंगडा आहे. केंपेगौडाचं तळं पावसाचं पाणी अडवायचं, खालच्या तळ्याला द्यायचं, जमिनीत मुरवायचं. त्याच्या आसपासच्या विहिरी त्यावर जगायच्या. तुझा तलाव म्हणजे चारी बाजूंनी वॉटरप्रूफिंग केलेलं भांडं. एक थेंब जमिनीत गेला तर तू मेस्त्रीवर फिर्याद करशील. तळं गावाला द्यायचं, तुझा तलाव फक्त घेतो.

आत्या: मग त्याला द्यायला लाव. तुझं शिक्षण कशाला आहे?

भाची: आता तू मुद्द्यावर आलीस. छप्पर किती आहे तुझं?

आत्या: दीड हजार चौरस फूट.

भाची: म्हणजे 140 चौरस मीटर. बेंगळुरूत वर्षाला 970 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाया जाणारं वजा करून 85 टक्के हाती लागलं, तर तुझ्या डोक्यावर दरवर्षी 1 लाख 15 हजार लिटर पाणी पडतं. तुझ्या तलावाच्या तिपटीहून जास्त. एकट्या सप्टेंबरात 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्याचेच 23-24 हजार लिटर. जातं कुठे ते?

आत्या: पाइप आहे की. 2009 मध्ये पावसाचं पाणी साठवायची सक्ती झाली तेव्हा बसवला होता.

भाची: मी मघाशी बघून आले. गच्चीवरून पाइप खाली येतो, फिल्टरच्या पेटीत पानांचा चिखल आहे, आणि दुसरं टोक थेट रस्त्याच्या गटारात. नोटीस येऊ नये एवढ्यापुरता बसवलेला पाइप आहे तो.

आत्या: मग तुझं काम सोपं झालं. पाइप तलावात वळव, टँकर नको, कावेरी नको, बोअर नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाव आपोआप भरला. आणखी काय हवं?

भाची: कॅलेंडर. तुझा तलाव ऑक्टोबरात काठोकाठ भरेल, आणि लगेच थंडी येईल. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा 15-16 अंशांवर उतरतो, उघड्या तलावातलं पाणी 20-22 अंशांच्या पुढे जात नाही. तुझ्या गुडघ्यांना निदान 28 अंशांचं पाणी हवं. तू पाण्यात उतरणार फेब्रुवारी अखेरपासून मेपर्यंत, म्हणजे नेमकं गावाला पाणी नसतं तेव्हा. या शहरात पोहायची हौस आणि पाण्याची टंचाई एकाच महिन्यात येतात. आधीच्या पाच महिन्यांत तुझा तलाव नुसता उन्हात बसून एकवीस हजार लिटर पाणी हवेत सोडून देणार, तेही कुणी न पोहता.

आत्या: झाकण घालू.

भाची: घालायलाच हवं. पाण्यावर तंतोतंत बसणारं, रुळावर गुंडाळता येणारं आच्छादन असलं तर उडणाऱ्या पाण्यातलं चार-पंचमांश तरी वाचतं. एकवीस हजारांचे चार हजार दोनशे होतात. गाळणी धुण्याचं आणि तुझ्या अंगाबरोबर बाहेर येणारं धरून सहा हजार म्हण.

आत्या: बघ, ते 140 लिटरचं माणूस 30 लिटरवर आलं.

भाची: झाकण रोज घातलंस तर. दुसरा उपाय म्हणजे तलावच लहान कर. 5 बाय अडीच मीटर. पाणी 15,000 लिटर, तोंड साडेबारा चौरस मीटर. कमरेला लवचीक पट्टा बांधून एका जागी पोहता येतं, हात मारत राहायचं, भिंत कधी येतच नाही.

आत्या: म्हणजे खुंटीला बांधून घेऊन पोहायचं? आयुष्यभर नोकरी केली तेवढं बस झालं. एवढं करून तलाव बांधायचा तर मला निदान आठ-दहा हात मारून पलीकडच्या काठाला हात लावायचाय. लांबी सोडणार नाही. रुंदी कमी कर हवी तर.

भाची: अडीच मीटर रुंद, आठ मीटर लांब. 20 चौरस मीटर, 24,000 लिटर. चालेल?

आत्या: चालेल. लिही. आता खणायचं सांग.

भाची: आधी एक चाचणी खड्डा घ्यायचा, तलावाच्या खोलीहून दोन फूट जास्त. वरची लाल माती दिसते म्हणून सगळे मेस्त्री हसत हसत भाव सांगतात. पण हे शहर बसलंय नाईस खडकावर, लालबागेतली टेकडी दिसते ना, तोच, 300 कोटी वर्षांचा. चार फुटांवर मुरूम लागला तर जेसीबी दोन दिवसांत काम उरकतो. दगड लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि अंदाजपत्रक कोलमडतं. दगड आहे की नाही हे करार करण्याआधी कळलं पाहिजे. दुसरं, कंपाउंडच्या भिंतीपासून निदान खड्ड्याच्या खोलीएवढं अंतर हवं, नाहीतर शेजाऱ्याचा पाया उघडा पडेल. तिसरं, तो आंबा.

आत्या: आंबा तोडायचा नाही.

भाची: तोडता येणारही नाही, 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण त्याचा मोहोर, पानं आणि चीक तलावात पडणार. म्हणून तलाव पश्चिमेच्या भिंतीकडे सरकवायचा. तिथे दुपारचं ऊनही मिळतं, पाणी दोन अंश गरम राहील.

आत्या: वास्तुवाले म्हणतात पाणी ईशान्येला हवं.

भाची: ईशान्येला काय आहे तुझ्या?

आत्या: गेट. राहू दे मग पश्चिमेला. फायबरचा तयार तलाव आणून ठेवतात म्हणे, तो नको का?

भाची: तो लवकर बसतो, पण तुझ्या गल्लीत आठ मीटरचं एकसंध भांडं वळणार कसं? घरावरून क्रेनने उचलायचं तर विजेच्या तारा आडव्या येतात. आरसीसीच करू. सळई बांधायची, काँक्रीट शक्यतो एका दमात ओतायचं म्हणजे सांधा राहत नाही, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर, आणि टाइल लावायच्या आधी पाणी भरून सात दिवस तसंच सोडायचं. इथे मेस्त्री घाई करतात. पाणी उतरलं की म्हणतात, ऊन लागलं मॅडम. त्यासाठी पायरीवर एक बादली ठेवायची, तलावाच्याच पातळीला भरलेली. ऊन दोघांना सारखंच. तलाव बादलीहून जास्त उतरला तर गळती आहे.

आत्या: हे आवडलं मला. नोकरीत असताना आम्ही प्रत्येक टेस्टला असा जोडीदार नमुना ठेवायचो.

भाची: आणि तलाव कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, विशेषतः पावसाळ्यात. आजूबाजूची माती पाण्याने फुगली की रिकामा हौद वर उचलला जातो, तळ तडकतो. म्हणून तळाशी दाब सोडणारी झडप बसवायची.

आत्या: रेतीची गाळणी ना?

भाची: नाही. रेतीची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, एका धुण्याला चार-पाचशे लिटर जातात. तुझ्याएवढ्या तलावाला कार्ट्रिज पुरते. बाहेर काढायची, नळीखाली धरायची. 24,000 लिटर सहा तासांत एकदा फिरायला तासाला 4,000 लिटरचा पंप लागतो. मेस्त्री दोन एचपीचा सांगेल, ऐकू नकोस.

आत्या: क्लोरीनचा मला वास सोसत नाही. मिठाचं यंत्र असतं म्हणे.

भाची: मिठातूनही क्लोरीनच तयार होतं. आणि डोळे चुरचुरतात, वास येतो, तो बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्यामुळे नाही, तर कमी पडल्यामुळे. घामाशी आणि लघवीशी त्याचा संयोग झाला की तो वास सुटतो. सामू 7.2 ते 7.6 च्या मध्ये, मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, एवढं रोज तपासलंस की झालं. मिठाचं यंत्र मी टाळते, कारण ते पाणी झाडांना घालता येत नाही.

आत्या: नारळाला मीठ चालतं.

भाची: नारळाला चालतं, आंब्याला नाही. आणखी एक, पावसाच्या पाण्याची तू वाखाणणी करतेस, पण ते फार मऊ असतं. त्यात कॅल्शियम नाही, म्हणून ते टाइलांच्या सांध्यातल्या सिमेंटमधून कॅल्शियम ओढून घेतं आणि सांधे खातं. बोअरच्या पाण्याचं उलट, ते टाइलवर पांढरं पुट चढवतं. पावसाच्या पाण्यावर तलाव चालवायचा तर सांध्यांना इपॉक्सी हवं आणि पाण्यात मोजून कॅल्शियम क्लोराइड घालायला हवं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण असते.

आत्या: एवढं सगळं मला जमेल. मी पगारी माणूस नाही ठेवणार, वहीत लिहून ठेवेन रोजच्या रोज. तुझी हरकत संपली का?

भाची: संपली नाही. सुट्टीत तुझी नातवंडं येतात. शेजारची दोन पोरं चेंडू आणायला भिंतीवरून उड्या मारतात.

आत्या: मी असते की घरात.

भाची: बुडणारं मूल ओरडत नाही, आत्या. पाणी हलतही नाही फारसं. तू गॅस बंद करायला आत गेलीस तेवढा वेळ पुरतो. घरातली नजर हा बंदोबस्त नव्हे. चारी बाजूंनी चार फुटी कुंपण, पाय ठेवायला आडवी पट्टी नसलेलं. फाटक आपोआप बंद होणारं. कडी वरच्या बाजूला. स्वयंपाकघराचं दारसुद्धा थेट तलावावर उघडायचं नाही. तळाशी पाणी ओढणारी तोंडं दोन हवीत, एकमेकांपासून निदान तीन फुटांवर. एकच असलं तर केस किंवा अंग त्यावर चिकटून राहतं आणि सुटत नाही. अमेरिकेत एका लहान मुलीचा असा जीव गेल्यावर 2007 मध्ये कायदा करावा लागला.

आत्या: आणि वीज? डिसेंबर 2023 मध्ये वर्तूरच्या एका गृहसंकुलात तलावात लहान मुलगी गेली, तेव्हा विजेच्या धक्क्याचा संशय होता. वाचून रात्रभर झोप नव्हती मला.

भाची: पाण्यातला दिवा 12 व्होल्टचाच, ट्रान्सफॉर्मर तलावापासून लांब आणि कोरड्यात. 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी. कठडा, सळई, पंप, सगळं धातू एकत्र जोडून अर्थिंग. खरं तर तू दिवसा पोहणार आहेस, मला तर दिवाच नको वाटतो.

आत्या: दिवा रद्द. कुंपण मान्य. दोन तोंडं मान्य. आता तरी हो म्हण.

भाची: एक सांगू? इतका वेळ तू माझ्या प्रत्येक अटीला हो म्हणत गेलीस, पण सगळ्या अटी कागदावर आहेत. झाकण रोज घालीन, टँकर मागवणार नाही, पावसावरच चालवीन. आपल्या शहरातल्या कितीतरी घरांवर पावसाचा पाइप आहे आणि तो गटारात जातो, तुझ्यासकट. एप्रिलमध्ये पाणी चार बोटं खाली गेलं, पंपाने हवा ओढायला सुरुवात केली, गुडघा दुखतोय आणि टँकरवाल्याचा नंबर फोनमध्ये आहे. त्या दिवशी तू काय करशील?

आत्या: ... मागवीन बहुतेक.

भाची: म्हणून म्हणते, क्रम उलटा कर. या वर्षी तलाव नाही. या वर्षी पाइप दुरुस्त, 20,000 लिटरचा सम्प, म्हणजे जमिनीखालची टाकी, आणि अंगणात एक मुरवणीची विहीर, तीन फूट व्यासाची, वीस फूट खोल. मण्णू वड्डर समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या या गावात विहिरी खणत आली आहेत; बायोम ट्रस्टने दहा लाख विहिरींचा जो संकल्प सोडलाय तो त्यांच्याच हातांवर. सम्प भरून वाहिला की जादा पाणी त्या विहिरीत. म्हणजे तुझा तलाव पुढे घेणार आहे, त्याच्या आधी तू जमिनीला देऊन ठेवशील. आणि गच्चीवर एक टब ठेव, रोज किती मिलिमीटर उतरतो ते वहीत लिही. माझ्या 5 मिलिमीटरवर विश्वास ठेवू नकोस. पुढच्या मेअखेर वही उघडू. घराला एकही टँकर न लागता सम्पमध्ये सहा हजार लिटर शिल्लक राहिले असतील, तर मी स्वतः खड्ड्याची आखणी करायला येईन.

आत्या: आणि नाही राहिले तर?

भाची: तर तुझ्या घरात आणखी एका माणसाची सोय नाही, एवढंच. मग रिक्षाचे पैसे मी देईन, आणि पायऱ्या असलेला तलाव तुला शोधून देईन.

आत्या: म्हणजे एक वर्ष माझा गुडघा थांबणार. त्याला तुझ्या वहीशी देणंघेणं नाही, हे लक्षात ठेव. तुमच्या पिढीला शहराची काळजी भारी, पण ती काळजी नेहमी घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या वाट्याच्या पाण्यापासून सुरू होते. तिकडे गोल्फची मैदानं हिरवीगार आहेत.

भाची: मान्य. तिथेही मी हेच बोलते, फक्त तिथे मला चहा मिळत नाही.

आत्या: बरं. वर्षभर थांबते. पण माझीही एक अट लिही, सही करून. सम्प भरला, वही जुळली, की नवी हरकत काढायची नाही. वास्तू नाही, पर्यावरण नाही, तुझ्या बापाचा फोन नाही.

भाची: केली सही. पण ही अट दोन्ही बाजूंनी. तलाव झाल्यावरसुद्धा आधी घर, मग आंबा, मग तलाव. सम्पमध्ये पाणी कमी पडलं तर पोहणं बंद. एप्रिल असला तरी.

आत्या: एप्रिलमध्ये बंद पडणारा तलाव मला नकोच आहे. थांब, परत हिशेब कर. घराला उन्हाळ्यात टँकर लागू द्यायचा नाही आणि तलावाचे सहा हजारही बाजूला राहिले पाहिजेत. 20,000 चा सम्प पुरेल?

भाची: कावेरीचं पाणी एक दिवसाआड आलं तर जेमतेम.

आत्या: मग 20,000 चा कशाला? 30,000 चा कर. आणि उद्या मेस्त्री येईल, त्याला तलावाचा भाव विचारू नकोस. सम्पचा विचार.